मीठ कोण चाखणार?

रमजानमध्ये स्वयंपाकघरातली खरी अडचण भुकेची नसते, मिठाची असते. भजी, चना, कबाब, खिमा असं जे काही इफ्तारच्या दस्तरखानावर येतं, ते दुपारच्या नमाजनंतर रोजा असलेल्या हातांनी केलेलं असतं आणि करणारीने त्यातला थेंबही जिभेवर ठेवलेला नसतो. ज्या घरात पाच-सहा वर्षांचं मूल आहे, तिथे या महिन्यात त्या मुलाला फार भाव येतो. ‘बेटा, जरा नमक देख’ म्हणून चमचा त्याच्यापुढे धरला जातो आणि तो न्यायाधीशासारखा निकाल देतो. हनफी पंथाच्या जुन्या किताबांनीही या अडचणीचा विचार केलेला आहे. गरज नसताना रोजात पदार्थ चाखणं मकरूह, म्हणजे नापसंत. मात्र नवरा तापट असेल आणि मिठावरून घरात भांडण होण्याची भीती असेल, तर बायकोने जिभेच्या टोकाने चव बघून थुंकून टाकावी, गिळू नये, एवढी सवलत त्यांनी दिली आहे. किताब लिहिणाऱ्यांना घरं माहीत होती म्हणायची.

रस्सा अळणी झाला तर ताटात वरून मीठ घेता येतं. नानला ती सोय नाही. नानचं मीठ पीठ मळतानाच बरोबर पडावं लागतं. शिवाय ते फक्त चवीपुरतं नसतं. मिठाने खमीर आवरतं. मीठ नसेल तर पीठ भसाभस फुगतं आणि भाजल्यावर फिकं, भुसभुशीत लागतं. जास्त झालं तर फुगायलाच मागत नाही. तेव्हा नान घरी करायचा तर रोजा नसलेलं एक माणूस शेजारी हवं. यंदा माझ्या शेजारी माझी मैत्रीण होती, आणि स्वयंपाकघर तिचं होतं.

आम्ही एका स्टाफरूममध्ये बसतो, त्याला पंधरा वर्षं होऊन गेली. रमजानमधल्या एखाद्या रविवारी मी भट्टीवरचे गरम नान घेऊन तिच्याकडे जायचं, हा तितकाच जुना रिवाज. तिची मुलं दारातच पिशवी हिसकावून घेतात. तिच्या सासूबाई, आमच्या काकू, अर्धा नान दुधात कुस्करून खातात. गेल्या वर्षी मात्र काकूंचा नान झाकलेल्या ताटलीत सकाळपर्यंत तसाच राहिला. मैत्रिणीने ते माझ्यापासून लपवलं नाही, याबद्दल मी तिची आभारी आहे. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्रफीत आली होती. कुठल्याशा गावातला तंदूरवाला रोटीवर थुंकतोय, असं तिच्यावर लिहिलेलं. ती कुठली, कधीची, खरी की जोडतोड केलेली, हे कुणी विचारलं नव्हतं. काकूंनी ती पाहिली आणि त्यांच्या घशाखाली नान उतरेना.

यंदा रमजान लागायच्या आधीच मैत्रीण म्हणाली, ‘अगं, या वेळी आमच्याकडेच करू ना नान. आई समोर बसतील. तुझ्या हातचं त्या खातात.’

तिचा हेतू चांगला होता, तरी मला ते लागलं. माझ्या हातचं चालतं आणि भट्टीवरच्या चाचांच्या हातचं नाही, यातली मी ‘चांगली’ होणं मला नको होतं. मी तिला तसं सांगितलंही. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘तुझं बरोबर आहे. पण मला आईंशी वाद घालून जिंकायचं नाहीये. मला त्यांना परत नान खाताना बघायचंय. सुरुवात कुठूनतरी करू.’ यावर मला उत्तर सुचलं नाही. मी मैद्याची पिशवी घेतली आणि गेले.

रोटी कुणी भाजली, यावरून आपल्या महाराष्ट्रात झालेले वाद आजचे नाहीत. १८४९ साली मुंबईत परमहंस मंडळी स्थापन झाली. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर तिच्या पुढाऱ्यांपैकी. जातिभेद मोडण्यासाठी जमलेल्या या गुप्त मंडळात येणाऱ्या नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाने आणलेलं पाणी प्यावं लागे. पावाचा एवढासा तुकडा, पण तो खाल्ल्याचं बाहेर कळलं तर माणूस जातीबाहेर. १८६० मध्ये सभासदांची यादीच बाहेर फुटली आणि मंडळी मोडली. त्यानंतर तीस वर्षांनी, १८९० मध्ये, पुण्यात पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहा-बिस्किटांवरून पुढे ग्रामण्य झालं, त्यात टिळक आणि रानडे यांच्यासारखी माणसं सापडली. वर्गात हा भाग शिकवताना मुलं हसतात. बिस्किटावरून बहिष्कार?

आणि तो ‘पाव’! पायाने तुडवून मळतात म्हणून पाव, हे आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेलं आहे. शब्द साधा पोर्तुगीज आहे. त्यांच्या भाषेत रोटीला म्हणतात तोच ‘पांव’ गोव्यातून आणि वसईतून आपल्याकडे आला. पायाचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण ‘परक्या माणसाने आपल्याला न दिसता मळलेलं पीठ’ ही गोष्टच अशी आहे की तिला पाय फुटतात. पूर्वी ती गोष्ट ओट्यावर बसून सांगत, आता ती फोनवर येते. नान शब्दही बाहेरचाच, फारसी. आणि खमीर अरबी. आपल्या ताटात मूळची म्हणावी तर भाकरीच, आणि भाकरीला ना खमीर लागतं ना भट्टी, म्हणून ती डोळ्यांसमोर होते. तिच्याबद्दल कधी अफवा ऐकली आहे?

तर रविवारी दुपारी तीनला आम्ही पीठ भिजवलं. अर्धा किलो मैदा, त्यात चहाचा एक सपाट चमचा कोरडं यीस्ट. पाकिटावर याच्या दुप्पट घालायला सांगतात, पण आपल्याकडच्या उन्हात त्याची गरज नाही. एक चमचा साखर, अर्धी वाटी दही, दोन मोठे चमचे तूप आणि लागेल तसं कोमट दूध. दूध कोमट म्हणजे बोट सुखाने बुडेल इतकंच. कढत दुधात खमीर मरतं आणि मग कितीही वाट पाहिली तरी पीठ ढिम्म हलत नाही. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल हवं, हाताला चिकटणारं. ते चिकटतं म्हणून वरून मैदा भुरभुरत राहायचं नाही. तुपाचा हात घेऊन दहा मिनिटं तिंबत राहिलं की ते आपोआप हात सोडतं. मैत्रिणीने तिंबलं, कारण रोजाच्या दहाव्या तासाला माझ्या मनगटात तेवढा जोर नव्हता.

मीठ तिनेच घातलं, दोन लहान चमचे. मग कच्च्या पिठाचा कण जिभेवर ठेवून ती माझ्याकडे बघायला लागली. ‘मला काही कळत नाही गं. कच्चं पीठ कसं लागायला हवं?’ मी सांगू शकत होते, चाखू शकत नव्हते. काकू दारातल्या खुर्चीवर लसूण सोलत होत्या. मैत्रीण म्हणाली, ‘आई, तुम्ही बघा ना जरा.’

काकू म्हणाल्या, ‘चाखायला कशाला लागतंय? नैवेद्याचा स्वयंपाक आम्ही कधी चाखतो का? देवाच्या आधी जिभेला लावायचं नाही. वरण असो नाहीतर भाजी, मीठ हाताला कळतं.’ मला हे माहीत होतं, पण रोजाच्या शेजारी ठेवून मी कधी पाहिलं नव्हतं. आमची बाई खुदासाठी स्वतःची जीभ बांधून ठेवते, यांची बाई देवाच्या आधी जीभ लावत नाही. दोघीही अंदाजाने मीठ घालतात आणि दोघींचं सहसा चुकत नाही. काकू उठल्या. हात धुतला, पिठात बोट दाबलं, थोडं उचलून चिमटीत चुरलं. मग, हाताला कळतं म्हणालेल्या असूनही, ते बोट तोंडात घातलं. ‘चिमूटभर हवं अजून,’ म्हणाल्या आणि लसणाकडे परत गेल्या. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं नाही, मीही तिच्याकडे पाहिलं नाही.

तासाभरात पीठ दुप्पट झालं. मैत्रिणीने मुलांच्या केकसाठी घेतलेला छोटा ओव्हन जास्तीत जास्त अडीचशे अंशांवर जातो. भट्टीतला तंदूर चारशेच्या आसपास तापलेला असतो, म्हणून तिथे नान दीड-दोन मिनिटांत बाहेर येतो, वरून खरपूस आणि आतून मऊ. ओव्हनमध्ये आठ-नऊ मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात तो आतूनही सुकतो. पहिले दोन नान बिस्किटाच्या वाटेवर गेलेले पाहून आम्ही ओव्हन बंद केला आणि तव्याकडे वळलो. नानच्या एका बाजूला पाण्याचा भरपूर हात लावायचा, ती बाजू तापल्या तव्यावर दाबून चिकटवायची आणि वर फुगे आले की तवा उचलून सरळ आचेवर उलटा धरायचा. नॉनस्टिकवर हे जमत नाही, त्यावर काही चिकटणारच नाही आणि नान आचेत पडेल. काकूंनी न बोलता फडताळातून त्यांचा दांड्याचा जुना लोखंडी तवा काढून दिला. भाकरीला पाणी वरून लावतात, इथे खालून लावायचं, हे त्यांना एका नानमध्ये समजलं. तिसऱ्या नानपासून पाण्याचा हात त्यांचाच होता. वरून कलौंजी. तिला बाजारात कांद्याचं बी म्हणून विकतात, पण तिचा कांद्याशी काही संबंध नाही. हदीसमध्ये तिची फार तारीफ आहे, म्हणून आमच्याकडे ती सढळ पडते.

मी खजुराने रोजा सोडला. आतल्या खोलीत मगरिब पढून आले तेव्हा काकूंनी टीव्हीचा आवाज बंद केला होता, चित्रं तेवढी हलत होती. त्यांनी एक अख्खा नान आमटीशी खाल्ला आणि ‘जरा चिवट झालाय’ म्हणाल्या. खरंच झाला होता.

तो चिवट का झाला, हे विचारायला पुढच्या रविवारी आम्ही दोघी एक नान कागदात गुंडाळून भट्टीवर गेलो. चाचांनी तो वाकवून पाहिला, नाकाला लावला. त्यांचं म्हणणं असं की घाई झाली. मळलेलं पीठ एकदा फुगलं म्हणजे काम संपलं नाही. उंडे करून पुन्हा वीस मिनिटं झाकून ठेवायचे, मग थापायचं. आणि शेवटी मुठीएवढं पीठ बाजूला काढून फ्रिजमध्ये ठेवायचं, दुसऱ्या खेपेला नव्या पिठात घालायला. यीस्टच्या पाकिटाला न येणारा वास या जुन्या पिठाने येतो. बोलताना माझ्या लक्षात आलं, पीठ मळायचं टेबल आता रस्त्याकडे आलं आहे. वर्षानुवर्षं ते आत, भट्टीच्या मागे होतं. मी विचारलं तर म्हणाले, ‘मॅडम, वो वीडियो हमारे पास भी आता है. लोग देख लें तो अच्छा है.’ गिऱ्हाइकांपैकी एकाने हातमोजे घाला म्हणून सुचवलं होतं. प्लास्टिकचे मोजे घालून चारशे अंशांच्या तंदुरात नान थापून दाखवावा, मग बोलावं. चाचा हसत होते, मला हसू आलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर या गावाला रोटी भाजून घातली, त्याला आता रस्त्यावर बसून पीठ मळून दाखवावं लागतं, याचं वाईट वाटायला मुसलमान असायची गरज नाही. मैत्रिणीने तिथे उभ्या उभ्या सहा नान घेतले. ते घरी काकूंपुढे ठेवले गेले तेव्हा काकूंनी खाल्ले नाहीत. ‘तुझ्या मैत्रिणीच्या हातचा असता तर,’ एवढंच म्हणाल्या.

म्हणजे मला जे लागलं होतं, ते तिथेच आहे. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याबरोबर मी भट्टीवरचे नानही नेणार आहे, दरवर्षीसारखे, आणि काकूंच्या ताटलीत त्यातला एक ठेवणार आहे. झाकून राहिला तर राहू दे.

दरम्यान, दुसऱ्या खेपेला बाजूला काढलेलं मुठीएवढं पीठ मैत्रिणीच्या फ्रिजमध्ये विरजणाच्या भांड्याशेजारी स्टीलच्या डब्यात आहे. परवा काकूंचा फोन आला. सकाळी फ्रिज साफ करताना डबा बाहेर काढला, तो ओट्यावरच राहिला होता. ‘अगं, तुझ्या पिठाने झाकण वर ढकललंय. रविवारी येणार असशील तर तसं सांग, नाहीतर कांदा-मिरची घालून मी याची धिरडी घालते.’