‘जुनीच विंडोज टाकून द्या’

ऑफिससाठी नवे कॉम्प्युटर घ्यायचे ठरले की कोटेशनमधल्या प्रोसेसर, रॅम आणि हार्ड डिस्कवर घासाघीस होते. ऑपरेटिंग सिस्टीमची ओळ आली की मात्र गेली वीस वर्षं एकच वाक्य कानावर पडत आलं आहे: ‘एकदम नवी नको, जुनीच टाकून द्या.’ सीएंची ऑफिसं असोत, पतसंस्था असोत की लहान कारखाने, सगळीकडे हेच. या सांगण्यामागे नुसता आळस नव्हता. एका काळात ते अगदी बरोबर होतं, आणि त्या अनुभवाच्या जोरावरच ते पुढेही टिकून राहिलं.

त्याची सुरुवात व्हिस्टापासून झाली. जानेवारी २००७मध्ये ती बाजारात आली तेव्हा एक्सपी सव्वापाच वर्षांची होती. २००४च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकनंतर ती चांगली स्थिरावलीही होती. व्हिस्टा धड चालायला किमान एक जीबी रॅम लागायची आणि ऑफिसातल्या बऱ्याच मशीनमध्ये त्याच्या निम्मीही नसायची. जरा काही करायला गेलं की परवानगी विचारणारी खिडकी पुढ्यात यायची. जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर वेळेवर मिळत नव्हते. व्हिस्टा बिझनेस घेतलेल्यांना त्याच परवान्यावर एक्सपी प्रोफेशनल टाकण्याची मुभा होती, आणि ऑफिसांनी ती मनापासून वापरली. पैसे वाचवायला होम बेसिक घेतलेल्यांना मात्र ही सोय नव्हती. परवान्याच्या नावातला एक शब्द किती महत्त्वाचा असतो, हे तेव्हा पहिल्यांदा अनेकांच्या लक्षात आलं.

एक्सपी न सोडण्याचं आणखी एक भक्कम कारण होतं. पतसंस्थांचे, दुकानांचे हिशेब फॉक्सप्रोमध्ये किंवा क्लिपरमध्ये लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्रामवर चालायचे. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, माऊसचा संबंध नाही, आणि कारकुनाची बोटं एफ-कीवर इतकी बसलेली की पडद्याकडे न बघता पावती तयार व्हायची. छपाई थेट एलपीटी-वन पोर्टवरून डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर. बत्तीस बिटांच्या विंडोजवर हे सगळं चालायचं. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर सोळा बिटांचा प्रोग्राम उघडतच नाही. एक संदेश येतो आणि काम तिथंच थांबतं. नव्या मशीनमध्ये चार जीबी रॅम असेल तर बत्तीस बिटांची विंडोज ती पुरी वापरू शकत नाही, हे ठाऊक असूनही तीच टाकली जायची. रोजची वसुली रात्री जुळवायची असते, त्यापुढे अर्ध्या-पाऊण जीबी रॅमची काय मातब्बरी!

मराठीच्या बाबतीत मात्र जुन्याचा आग्रह महागात पडला. एक्सपीमध्ये देवनागरी होती, पण आपणहून चालू नसायची. कंट्रोल पॅनेलमधल्या भाषेच्या पानावर जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांसमोर टिचकी मारायची, मग मशीन विंडोजची सीडी मागणार. ती सीडी बहुधा हार्डवेअरवाल्याच्या बॅगेत असायची. मग सोपा मार्ग म्हणून श्रीलिपी, आयएसएम असल्या पॅकेजांचे फॉन्ट वापरले जात. तेच पत्र दुसऱ्या ऑफिसात उघडलं की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता चिवडा दिसायचा. व्हिस्टापासून युनिकोड मराठीचा आधार विंडोजमध्ये आयताच मिळू लागला. व्हिस्टाला नावं ठेवणाऱ्यांनी, त्यात मीही आलो, हे श्रेय तिला द्यायलाच हवं.

ऑक्टोबर २००९मध्ये विंडोज ७ आली आणि खऱ्या अर्थानं ऑफिसांची झाली. मग २०१२मध्ये विंडोज ८नं स्टार्ट बटणच काढून टाकलं. ऑफिसांनी पुन्हा जुन्याचा आसरा घेतला. विंडोज ७ प्रोफेशनल घातलेले नवे कॉम्प्युटर कंपन्यांकडून ऑक्टोबर २०१६पर्यंत मिळत होते. ‘एक पायरी मागे राहा’ हा आडाखा दोनदा खरा ठरला, आणि दोनदा खरं ठरलेलं सहसा कोणी तिसऱ्यांदा तपासत नाही.

तपासायला हवं होतं. ८ एप्रिल २०१४ला एक्सपीचा सपोर्ट संपला, म्हणजे सुरक्षेची भोकं बुजवणं थांबलं. तरी ती चालूच होती, अगदी बँकांच्या एटीएममध्येही. शेवटी जून २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून जून २०१९पर्यंत सगळी एटीएम सपोर्ट असलेल्या सिस्टीमवर आणा, असं बँकांना बजावावं लागलं. मे २०१७मध्ये फायली अडकवून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस जगभर पसरला, तेव्हा दोष एक्सपीवर ढकलला गेला. प्रत्यक्षात त्यात सापडलेली बहुतेक मशीन विंडोज ७ची होती. दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. या मशीनवर ती चढवलेली नव्हती. आपल्याकडे याचं एक कारण उघड होतं. परवान्याशिवाय टाकलेल्या विंडोजला अपडेट दिलं की ‘ही प्रत अस्सल नाही’ अशी सूचना येते, पार्श्वभूमी काळी होते, म्हणून अपडेटच बंद करून ठेवायची पद्धत पडली होती. आवृत्ती कोणतीही असो, अपडेट बंद असेल तर ती निवडण्यात घातलेला विचार वाया जातो.

जुलै २०१५ची विंडोज १० पहिलं वर्षभर फुकट मिळाली, म्हणून फारशी कुरकुर झाली नाही. ऑक्टोबर २०२१मध्ये अकरा आली आणि इथे जुना आडाखा साफ मोडला. तिला टीपीएम २.० हे सुरक्षेचं मॉड्यूल लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. त्याच सुमारास मोठ्या कंपन्यांतून निघालेली सहाव्या-सातव्या पिढीची रिफर्बिश्ड मशीन लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत स्वस्तात मिळत होती. दहा घातलेली, चकचकीत पुसलेली. १४ ऑक्टोबर २०२५ला दहाचा सपोर्ट संपला आणि ती मशीन ज्यांनी घेतली त्यांच्यापुढे दोनच वाटा उरल्या: मशीन बदला, नाहीतर वाढीव सुरक्षेचे पैसे भरा. व्यवसायांसाठी तो दर पहिल्या वर्षी दर मशीनमागे ६१ डॉलर आहे आणि पुढच्या प्रत्येक वर्षी दुप्पट होतो.

लिनक्सचा विचार झाला नाही असं नाही. सी-डॅकची बॉस ही देशी लिनक्स २००७पासून आहे, आणि ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्ये होतं त्यांना उबुंटूसारखी लिनक्स खुशाल पुरते. पण टॅली आणि डिजिटल सहीचं टोकन यांपाशी गाडी अडते, म्हणून आपल्याकडच्या ऑफिसात ती फारशी रुजली नाही.

आज माझं मत स्पष्ट आहे. नवं मशीन घ्याल तर विंडोज ११ प्रोच घ्या. दुकानातल्या लॅपटॉपवर बहुधा ‘होम सिंगल लँग्वेज’ असते. ती डोमेनला जोडता येत नाही, की त्या मशीनवर बाहेरून रिमोट डेस्कटॉपनं शिरता येत नाही. अकराच्या प्रत्येक वार्षिक आवृत्तीलाही प्रोवर २४ महिन्यांचीच मुदत असते, तेव्हा अपडेट चालू ठेवा. आणि कोटेशनवर सही करण्यापूर्वी हार्डवेअरवाल्याला एक मशीन ऑफिसात आणायला लावा. तुमचा प्रिंटर, सहीचं टोकन आणि हिशेबाचा प्रोग्राम त्यावर समोर चालवून बघा, मगच बाकीच्यांची ऑर्डर द्या.