तुरुंगात रक्त तपासले, गोळीचे काय?

आपल्या नाते-महाड भागातल्या कुणाला न्यायालयीन कोठडी झाली की घरच्यांना अनेकदा अलिबाग नाहीतर तळोज्याच्या तुरुंगाची वाट धरावी लागते. जामीनदार कोण, वकिलाची फी कुठून आणायची, यातच घर बुडून जाते. आत गेलेल्याला एचआयव्हीची गोळी चालू असेल, तर ती पहिल्याच दिवशी बंद पडू शकते. ही गोळी रोज घ्यावी लागते. वारंवार चुकली तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो, आणि क्षयासारखे आजार डोके वर काढतात.

गोव्यातली गोष्ट वाचकांनी ऐकली असेल. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाच्या रक्तात एचआयव्ही आढळला. त्याने गुन्हा काहीच केला नव्हता, तरी गोव्याच्या तेव्हाच्या कायद्याने त्याला ६४ दिवस कोंडून ठेवले. त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, उच्च न्यायालयात दाद मागितली. पण तो कायदा काही रद्द झाला नाही. १९९२ साली डॉमिनिक गेला. तपासणी झाली होती. उपचार मात्र नव्हता, होते फक्त कुलूप.

आज तसे करता येत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याचे कलम ३१ सांगते की, सरकारच्या ताब्यातल्या प्रत्येक माणसाला तपासणी, समुपदेशन आणि उपचार मिळाले पाहिजेत. त्यात शिक्षा झालेला आला तसा कच्चा कैदीही आला. २०२२ च्या सरकारी आकड्यांत देशातल्या दर चार कैद्यांत सुमारे तीन कच्चेच होते. कोर्टाचा आदेश वगैरे अपवाद सोडले, तर संमतीशिवाय रक्त तपासता येत नाही आणि निकाल चारचौघांत सांगता येत नाही.

तुरुंगात तपासणी शिबिर झाले की किती जणांचे रक्त घेतले हा आकडा लगेच सांगितला जातो. आम्ही कारकून माणसे, रजिस्टर कसे भरते ते जाणतो! माझ्या मते रकाने निराळे हवेत. किती जणांना गोळी सुरू झाली? बदली झाल्यावर कागद सोबत गेले का? सुटलेला माणूस गावाजवळच्या एआरटी केंद्रात पोहोचला का? कच्चा कैदी जामिनावर अचानक सुटतो. नेमका तेव्हाच धागा तुटतो.

घरच्यांनी एक करावे. भेटीत त्याची परवानगी घ्यावी, कारण हे त्याचे गुपित आहे. मग एआरटी केंद्राच्या पुस्तकाची झेरॉक्स बंद पाकिटात घालून तुरुंगाच्या डॉक्टरांच्या नावे द्यावी आणि पोच घ्यावी. पाकिटावर आजाराचे नाव लिहू नये. दाद लागली नाही तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. कोठडीतल्या माणसाला वकील तिथे फुकट मिळतो. माहितीसाठी १०९७ हा फोन आहे, त्याला पैसे पडत नाहीत.