अँड्रॉइड प्रणालीतील उपकरण-प्रकाराची निश्चिती : 'आकाश' टॅब्लेटच्या संदर्भात

प्रस्तावना :-
एखादे उपकरण भ्रमणध्वनी आहे की टॅब्लेट, हे त्याच्या आकारावरून ठरते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात अँड्रॉइड प्रणाली आपला प्रकार काही घोषित मूल्यांवरून ओळखते. अध्ययन-साहित्य पडद्यावर कसे मांडले जाईल हे याच मूल्यांवर अवलंबून असल्याने शिक्षकांना त्यांचा परिचय असणे आवश्यक ठरते.

'आकाश'चे उदाहरण :-
मुंबईच्या आयआयटीचा सहभाग असलेला 'आकाश 2' हा टॅब्लेट 11 नोव्हेंबर 2012 रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सादर झाला. त्यात अँड्रॉइड 4.0 ही आवृत्ती, 7 इंची पडदा व 800×480 बिंदू होते. म्हणजे प्रत्येक इंचात सुमारे 133 बिंदू. अँड्रॉइड 3.2 (2011) पासून पडद्याच्या लहान बाजूची 'किमान रुंदी' हा प्रमुख निकष मानला जातो. लहान बाजूच्या बिंदूंना 160 ने गुणून घोषित घनतेने भागले असता ती मिळते. 600 वा त्याहून अधिक मूल्य आल्यास टॅब्लेटसाठीची मांडणी निवडली जाते. 480 बिंदूंच्या बाजूसाठी घनता 120 घोषित केली तर उत्तर 640 येते. 160 घोषित केली तर 480. पडदा तोच असूनही पहिल्या स्थितीत तो टॅब्लेट ठरतो, दुसऱ्या स्थितीत फोन.

अन्य आधार :-
याशिवाय निर्माता 'बिल्ड.प्रॉप' या धारिकेत उपकरणाचे वैशिष्ट्य व प्रतिमान नोंदवतो. क्रोम ब्राउझर फोनवर आपल्या ओळख-मजकुरात 'मोबाइल' हा शब्द पाठवतो, टॅब्लेटवर तो वगळतो. त्यामुळे एकच संकेतस्थळ दोन उपकरणांवर भिन्न दिसू शकते.

बदल व मर्यादा :-
अँड्रॉइड 7.0 (2016) पासून 'डेव्हलपर पर्याय' या विभागात किमान रुंदी वापरकर्त्यास बदलता येते. मूळ मूल्य टिपून ठेवल्यास हा प्रयोग वर्गातही करून दाखवता येईल. 'बिल्ड.प्रॉप'मधील बदलासाठी मात्र प्रणालीचे सर्वाधिकार मिळवावे लागतात. त्यामुळे सुरक्षा-व्यवस्था शिथिल होते, अधिकृत अद्ययावतीकरणात अडथळा येऊ शकतो आणि बँकांची काही ॲप चालण्यास नकार देतात. महाविद्यालयाच्या सामायिक उपकरणांवर हा मार्ग टाळणेच इष्ट होय.

निष्कर्ष :-
उपकरणाचा प्रकार ही जडवस्तूची अंगभूत खूण नसून प्रणालीने केलेली घोषणा आहे. घडी घालता येणाऱ्या फोनमध्ये पडदा उघडताच ही किमान रुंदी बदलते. 2019 मधील आयपॅडओएस 13 पासून आयपॅडवरील सफारी ब्राउझर संकेतस्थळांना आपली ओळख मॅक संगणक अशी देतो. म्हणून अध्ययन-साहित्य तयार करणाऱ्यांनी उपकरणाचे नाव विचारण्याऐवजी उपलब्ध रुंदी विचारावी, आणि महाविद्यालयांनी टॅब्लेट खरेदी करताना पडद्याच्या इंचांबरोबरच किमान रुंदीचे मूल्यही तपासावे. अन्यथा मोठ्या पडद्यासाठी खर्च करूनही विद्यार्थ्याच्या हाती फोनचीच मांडणी येण्याचा संभव राहतो.