०.०३४ कुठून आला?

शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेला आमच्या गटाचं यंत्र टेबलावर होतं. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे, ते मोबाइलवर सांगणारं. ब्लॅक बुक बांधून आलेलं, सोनेरी अक्षरं चकाकत होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते उघडलंच नाही. प्रोग्रॅमच्या एका ओळीवर पेन ठेवून त्यांनी विचारलं, ‘‘हा ०.०३४ कुठून आला?’’

आम्ही चौघं एकमेकांकडे पाहत राहिलो. खरं उत्तर असं होतं, की लॅमिंग्टन रोडवरून सेन्सर आणला आणि प्रोग्रॅम इंटरनेटवरून उचलला. त्यात तो आकडा होता, म्हणून आमच्यातही होता. ‘‘सर, तो कॉन्स्टंट आहे,’’ मी म्हटलं. ते हसले आणि पुढच्या गटाकडे गेले. मार्क बरे मिळाले. अंधेरीहून बोरिवलीच्या गाडीत मात्र तो आकडा डोक्यातून जाईना.

हा सेन्सर माणसाला ऐकू न येणारा आवाज पाण्यावर सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. वेळेला वेगाने गुणलं आणि निम्मं केलं, की अंतर मिळतं. ०.०३४ म्हणजे आवाज एका मायक्रोसेकंदात कापतो तितके सेंटिमीटर, अर्थात सेकंदाला ३४० मीटर. पण हवेतल्या आवाजाचा वेग तापमानावर ठरतो. शून्य अंशाला तो साधारण ३३१ मीटर असतो आणि दर अंशाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. म्हणजे ३४० हा १५ अंशांचा वेग झाला. बोरिवलीत १५ अंश? राष्ट्रीय उद्यानाला लागून राहणाऱ्यांना जानेवारीतल्या एखाद्या पहाटे लाभत असतील. एरवी दुपारी ३४ अंशांना दोन मीटरच्या मापात सहा-सात सेंटिमीटरची चूक पडते. पाण्याकडे बघत होतो, मधली हवा विसरलो होतो.

याच सुमारास ‘प्रथम’बद्दल वाचलं. पवईच्या टेकफेस्टला आम्ही दरवर्षी जायचो, रोबो बघायचो, वडापाव खाऊन परतायचो. त्याच आवारात, आयआयटी मुंबईत, विद्यार्थ्यांनी एक उपग्रह बांधला होता, हे इतकं नीट ठाऊक नव्हतं. कल्पना २००७ ची, दोन विद्यार्थ्यांची. २६ सप्टेंबर २०१६ ला श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी३५ ने आठ उपग्रह नेले, त्यांत हा जेमतेम दहा किलोंचा ठोकळा होता. पृथ्वीपासून सुमारे ७०० किलोमीटरवर तो फिरणार होता.

त्याचं काम वाचून मी थबकलो. त्याला मधली हवाच मोजायची होती! हवा म्हणजे अर्थात आयनोस्फिअर. वातावरणाच्या वरच्या भागात सूर्यकिरणांमुळे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात, तो हा थर. जीपीएसचे संदेश त्यातून येताना रेंगाळतात आणि त्यामुळे जागेचं गणित काही मीटरांनी चुकू शकतं. (मरोळच्या गल्लीत रिक्षा भलत्याच गेटवर उभी राहते, त्यात उंच इमारतींवरून उडणाऱ्या संदेशांचाही हात असतो, सगळं आयनोस्फिअरवर ढकलू नये.) दुपारी इलेक्ट्रॉन वाढतात, रात्री घटतात. शिवाय पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतावरून जातं, त्यामुळे आपल्या डोक्यावर हा चढउतार मोठा असतो.

मोजायची युक्ती सुरेख होती. ‘प्रथम’ने दोन वेगवेगळ्या कंपनसंख्यांच्या रेडिओलहरी जमिनीकडे सोडायच्या. लहर एका ठरावीक पातळीत डोलत निघते. इलेक्ट्रॉन आणि पृथ्वीचं चुंबकत्व मिळून ती पातळी फिरवतात, आणि दोन्ही लहरींची सारखी फिरवत नाहीत. दोघींतला फरक जमिनीवर मोजला, की वाटेत किती इलेक्ट्रॉन भेटले ते काढता येतं.

मला त्याहून जास्त विचारात टाकलं ते वर्षांनी. २००७ ते २०१६ म्हणजे नऊ वर्षं, आणि बी.टेक. चार वर्षांचं. ज्यांनी सुरुवात केली ते उड्डाणाच्या कितीतरी आधी पदवी घेऊन गेले. ज्यांनी उड्डाण पाहिलं त्यांतले काही सुरुवातीला शाळेत असतील. मधे परीक्षा, प्लेसमेंट, इस्रोच्या शास्त्रज्ञांपुढच्या आढावा बैठका. दर वर्षी जाणाऱ्याने येणाऱ्याला सांगायचं, की हा स्क्रू इथेच का, हा आकडा एवढाच का. तिथे ‘कॉन्स्टंट आहे’ हे उत्तर एक वर्षही टिकलं नसतं. आमचं ब्लॅक बुक आता कपाटात आहे, पुढची बॅच त्यातून मजकूर उचलेल आणि ०.०३४ त्यासकट जाईल. आयआयटीतल्या मुलांना पैसा, प्रयोगशाळा, मार्गदर्शक मिळतात, आम्हाला जर्नलं लिहिण्यातून सवड मिळत नाही, हे खरंच आहे. पण तापमानाचा सेन्सर लॅमिंग्टन रोडवर त्याच दुकानात मिळत होता.

मागच्या रविवारी तो आणला. आकड्याच्या जागी सूत्र लिहिलं आणि टेप घेऊन दुपारी दोन वाजता गच्चीवर गेलो. टेपवर एक मीटर बारा, मोबाइलवर एक मीटर नऊ. मग लक्षात आलं, नवा सेन्सर मी टाकीच्या बाहेर सावलीत टांगला होता. आतली हवा आणखी तापलेली. तो आत सोडत होतो, एवढ्यात खालून वॉचमनकाकांनी हाक मारली, ‘‘काय रे, पाणी आहे ना संध्याकाळपुरतं?’’

‘‘थांबा काका,’’ मी म्हटलं, ‘‘अजून मोजतोय.’’