टीएफएम ७६ टक्के, म्हणून साबण सौम्य?

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला, की दुपट्टा गुंडाळूनही चेहरा घामाने आणि धुळीने चिकट होतो. घरी आल्या आल्या आपण तो साबणाने करकरीत होईपर्यंत घासतो. मळाबरोबर त्वचेचं स्वतःचं तेलही निघून गेलं, की तो करकरीतपणा येतो. मग गाल ताणल्यासारखे वाटतात, नाकाच्या कडेला पापुद्रे सुटतात.

दुकानात जाणकार गिऱ्हाईक टीएफएम, म्हणजे साबणातल्या एकूण मेदाम्लांचं प्रमाण बघतं. भारतीय मानकांनुसार टॉयलेट सोपच्या पहिल्या श्रेणीत ते किमान ७६ टक्के लागतं, तिसऱ्या श्रेणीत ६० टक्के. हा आकडा साबणाचा कस सांगतो, सौम्यपणा सांगत नाही. अमरावती रोडवरच्या लक्ष्मीनारायण अभिनव तंत्रज्ञान विद्यापीठात तेल तंत्रज्ञान शिकणारा कोणताही विद्यार्थी सांगेल, की तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या अभिक्रियेतून बनलेला साबण अल्कधर्मीच असतो. त्याचा सामू (पीएच) ९ ते १० भरतो. निरोगी त्वचेचा सामू मात्र ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी. सामूच्या मोजपट्टीवर प्रत्येक अंक दहापटीचा असतो, तेव्हा हे अंतर किरकोळ नाही. अल्कामुळे वरच्या थरातली प्रथिनं फुगतात, पेशींमधला मेद सैल होतो आणि ओलावा उडून जातो.

शहराच्या टोकावरच्या ले-आउटमध्ये बोअरचं पाणी असेल तर आणखी पंचाईत. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन पांढरट साका बनतो. बादलीच्या कडेला चिकटलेला तो थर आपल्याला दिसतो; गालावरचा दिसत नाही.

म्हणून चेहऱ्यासाठी वेष्टनाची मागची बाजू वाचा. घटकांत सोडियम पामेट, सोडियम पाम कर्नेलेट ही नावं आधी असतील तर तो नेहमीचा साबण. सोडियम कोकोइल आयसेथिओनेट आधी असेल तर ती सिंडेट, म्हणजे कृत्रिम डिटर्जंटची वडी. तिचा सामू त्वचेच्या जवळ ठेवता येतो आणि जड पाण्यात साकाही धरत नाही. अशा वडीवर ‘बेदिंग बार’ लिहिलेलं दिसलं तरी ती कमी दर्जाची समजू नका. तीव्र सुगंध मात्र टाळा. ‘हर्बल’ या शब्दावर तर मुळीच विसंबू नका, कारण हळद-चंदन घातल्याने साबणाचा अल्कपणा जात नाही.

दिवसातून दोनदा धुणं पुरे. साबण बदलूनही खाज, लाली किंवा पुवाचे फोड राहिले, तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात दाखवा. मेडिकल स्टोअरमधून स्टेरॉइडचं मलम आणून लावू नका.