नवऱ्याला काय सांगितलं?

कराडची सर्वांत प्रसिद्ध सून म्हणजे संत सखू. तिची कथा वारकऱ्यांना तोंडपाठ असते. पंढरीची ओढ लागलेली सून, छळणारी सासू, आईच्या शब्दाबाहेर न जाणारा नवरा, खांबाला बांधलेली सखू, आणि तिचं रूप घेऊन तिच्या जागी राबणारा विठ्ठल. १९४१ साली प्रभातनं या कथेवर चित्रपट काढला, तेव्हा ती गावोगाव पोचली. भक्तीची कथा म्हणून ती थोर आहेच. संसाराची कथा म्हणून वाचली, तर एक गोष्ट खटकते. देवाला जात्याला हात लावावा लागतो, कारण घरातला पुरुष तो लावत नाही.

लग्न बळकट कसं करावं, याबद्दल आपल्याकडे उपदेशाला तोटा नाही. कीर्तनात, ओव्यांत, मंगलाष्टकांत, पाठवणीच्या वेळी मावश्या-आत्यांच्या तोंडून तो वाहतच असतो, आणि बहुतेक नवरीच्या कानात पडतो. म्हणून या आढाव्यात मी प्रत्येक परंपरेला एकच प्रश्न विचारणार आहे: तू नवऱ्याला काय सांगितलंस?

आधी आपल्या मांडवातूनच सुरुवात करू. कन्यादानाच्या वेळी धर्म, अर्थ आणि काम या तिन्हींत हिला डावलून वागणार नाही, असं वचन वर देतो. हे वचन वधूकडून घेतलं जात नाही, ते एकट्या वराचं आहे. पुढे सप्तपदीत सहा पावलं अन्न, बळ, धन, सुख, संतती आणि ऋतूंसाठी पडतात, आणि सातव्याला वर वधूला सखी म्हणतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानंही हेच सातवं पाऊल धरलं आहे: जिथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे, तिथे ते पडलं की लग्न पूर्ण होतं. म्हणजे कायद्याच्या आणि गृह्यसूत्रांच्या दोन्ही हिशेबांत लग्न मैत्रीपाशी पुरं होतं. अडचण अशी की त्या वेळी मांडवात जेवणाच्या पंगतीची गडबड असते, फोटोग्राफर नवरीला मान वर करायला सांगत असतो, आणि मंत्राचा अर्थ निदान नवऱ्याला तरी कळला का, हे कोणी विचारत नाही.

मनुस्मृतीही इथे दोन तोंडांनी बोलते. पती पत्नीवर आणि पत्नी पतीवर संतुष्ट असेल त्या कुळात कल्याण नांदतं, असं तिसऱ्या अध्यायात आहे. पाचव्या अध्यायात मात्र दुर्गुणी नवऱ्यालाही देव मानून पुजावं, अशी आज्ञा येते. पहिलं वाक्य लग्नपत्रिकेवर छापलं जातं, आणि दुसरं घरात पाळलं जातं.

बौद्ध परंपरेचं उत्तर मला सगळ्यांत नेमकं वाटतं. कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत. तिथे भिक्षू राहत, आणि भिक्षूंचा धर्म संसाराकडे पाठ फिरवणारा, असा आपला समज असतो. पण दीघनिकायातलं सिगालोवाद सुत्त गृहस्थांसाठीच आहे. त्यात पती-पत्नीची कर्तव्यं सांगताना सुरुवात नवऱ्यापासून होते. त्यानं बायकोचा मान ठेवावा, तिला तुच्छ लेखू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावं, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा आणि तिला दागिने द्यावेत. त्यानंतर बायकोची पाच येतात, त्यात नीट कारभार, आप्तांचा आदर, एकनिष्ठा, मिळकतीचं रक्षण आणि उद्योगीपणा आहे. नवऱ्याच्या यादीतलं चौथं कर्तव्य पुन्हा वाचा. घरातला अधिकार द्यायचा, म्हणजे तिजोरीची किल्ली द्यायची आणि मागून हिशेब विचारायचा नाही. आमच्याकडे किल्ली सासूच्या कमरेला असते आणि सातबारा सासऱ्याच्या नावावर.

इतर परंपरांकडे थोडक्यात पाहू. कराडात आदिलशाही काळातल्या मशिदीचे उंच मनोरे आहेत. इस्लामनं निकाह हा करार मानला, त्यात वधूची संमती घातली, आणि मेहर पुरुषानं द्यायचा व तो तिचाच राहायचा असं ठरवलं. पती-पत्नीत प्रेम आणि दया ठेवली आहे, असं कुराण सांगतं. दयेचा हा उल्लेख महत्त्वाचा आहे, कारण प्रेम आटतं तेव्हाही दया उरू शकते. संत पॉलनं नवऱ्यांना ख्रिस्तानं मंडळीवर केलं तसं, जीव देण्याइतकं प्रेम करायला सांगितलं, पण त्याच पत्रात बायकांना अधीन राहायलाही सांगितलं. जैन गृहस्थाच्या अणुव्रतांत स्वस्त्रीसंतोष आहे, तोही पुरुषावरचा निर्बंध. कृष्णाकाठच्या लिंगायत घरांत बसवण्णांच्या काळातल्या आयदक्की लक्कम्माची गोष्ट सांगतात. तिचा नवरा मारय्या कल्याणात सांडलेले तांदूळ वेचून आणी. एके दिवशी त्यानं गरजेपेक्षा जास्त आणले, तर तिनं ते परत टाकून यायला लावले, आणि तो गेला. बायकोनं चूक दाखवली आणि नवऱ्यानं मुकाट्यानं ऐकलं, अशा कथा आपल्या धर्मग्रंथांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतील.

समर्थ रामदासांचा विषय टाळता येत नाही, त्यांचं चाफळ कराडहून जवळच आहे. 'सावधान' ऐकताच ते मांडवातून पळाले. पण दासबोधात त्यांनी लोकांना आधी प्रपंच नीट करायला सांगितलं. आपण न केलेल्या गोष्टीचा उपदेश त्यांनी केला, तरी तो उपदेश चुकीचा ठरत नाही.

युरोपचे विचारवंत फार पुढे होते, असंही समजायचं कारण नाही. ॲरिस्टॉटलनं नवरा-बायकोचं नातं मैत्रीत धरलं. उपयोग, सुख आणि सद्गुण या तिन्हींवर ते उभं राहू शकतं, असं म्हटलं. पण त्या मैत्रीत वरचढपणा पुरुषाचाच ठेवला. प्लुटार्कनं एका नवविवाहित जोडप्याला लांबलचक उपदेश लिहिला, त्यात बायकोनं नवऱ्याचेच मित्र आणि नवऱ्याचेच देव आपले मानावेत, असं सुचवलं. खरा फरक केला जॉन स्टुअर्ट मिलनं. १८५१ साली हॅरिएट टेलरशी लग्न करताना, कायदा नवऱ्याला बायकोवर आणि तिच्या मालमत्तेवर जे हक्क देतो, ते आपल्याला नकोत, असं त्यानं लिहून ठेवलं.

तो मिल वाचून भारावलेला माणूस कराड तालुक्यातच जन्मला. आज टेंभू म्हटलं की उपसा सिंचन योजना आठवते, पण १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर याच टेंभूत जन्मले. १८८८ मध्ये 'सुधारक' काढून त्यांनी सांगितलं ते साधं होतं. वधू-वर जाणते असावेत, एकमेकांना पाहून आणि पसंत करून त्यांनी लग्न करावं. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी ते त्याला विरोध करणाऱ्या टिळकांच्या विरुद्ध बाजूला उभे राहिले. आठ वर्षांच्या मुलीला सखी म्हणणं निव्वळ सोंग आहे, एवढं तरी त्यांच्या भूमिकेतून निघतं. त्यांच्या पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या होत्या, आणि आपली मतं बायकोवर न लादण्याची कसोटी या सुधारकाला घरातच द्यावी लागली. बाहेर समतेवर व्याख्यान देणाऱ्यांपैकी किती जण त्या कसोटीला उतरतात?

आगरकरांच्याही आधी जोतीराव फुल्यांनी हा प्रश्न थेट मांडवात आणला. सावित्रीबाईंचं माहेर सातारा जिल्ह्यातलं नायगाव, फुल्यांचं मूळ गाव कटगुण, तेही याच जिल्ह्यातलं. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह झाला. फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू वराला विचारते की बायकांना हक्क नाहीत, ते तू मिळवून देशील का, आणि वर सर्वांसमक्ष तशी शपथ घेतो. दोन हजार वर्षं नवऱ्याला जे सुचवलं गेलं, ते इथे प्रथम नवरीनं त्याच्याकडून मागून घेतलं.

सातारा-सांगलीत ही रीत रुजली, आणि प्रतिसरकारच्या काळात, १९४३ ते ४६ या वर्षांत, तिला 'गांधी विवाह' हे नाव मिळालं. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांनी हुंडा, मानपान आणि कर्ज यांना फाटा देऊन हार घालून लग्नं लावली. याच चळवळीच्या न्यायमंडळांपुढे बायकोला टाकणारे, छळणारे नवरेही उभे केले गेले. लग्न बळकट करण्याचा हा जरा वेगळा मार्ग झाला. शिक्षा म्हणून अशा नवऱ्यांच्या तळपायावर पडणारी काठी कोणत्याही स्मृतीत बसत नाही, आणि मला ती पसंतही नाही. पण गावानं नवऱ्याला जाब विचारला, ही गोष्ट नोंदवायला हवी.

कराडजवळच्या काले गावात १९१९ साली रयत शिक्षण संस्था सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई जैन घरातल्या. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र जेवत, आणि धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० साली त्या गेल्या. ही कथा शाळाशाळांत त्यागाची म्हणून सांगतात, आणि त्याग होताच. मला त्यात याज्ञवल्क्य स्मृतीचा नियम आठवतो. स्त्रीधनाला नवऱ्यानं हात लावायचा तो दुष्काळ, आजारपण, धर्मकार्य अशा प्रसंगीच. पोरांच्या भाकरीला धर्मकार्य म्हणायला माझी हरकत नाही. तरी लक्ष्मीबाईंचं नाव मंगळसूत्राच्या आठवणीपुरतं न राहता संस्थेच्या संस्थापकांच्या ओळीत लिहिलं जावं, असं वाटतं.

आणि यशवंतराव-वेणूताई चव्हाण. फलटणच्या वेणूताई मोरे २ जून १९४२ रोजी लग्न होऊन कराडला आल्या. ऑगस्टमध्ये नवरा भूमिगत झाला. लग्नानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला, हळदीकुंकवाच्या दिवसांत, पोलिसांनी त्यांना पकडून नेलं, कारण नवरा सापडत नव्हता. तुरुंगानं त्यांची प्रकृती ढासळली. त्या फलटणला आजारी असल्याचं कळल्यावर यशवंतराव भेटायला गेले आणि तिथेच पकडले गेले. भूमिगत कार्यकर्त्यानं असं जाणं शहाणपणाचं नव्हतं. पण नवऱ्याला काय सांगितलं, या प्रश्नाचं उत्तर त्या फलटणच्या फेरीत आहे, असं मी मानतो. पुढे मुख्यमंत्रिपद आलं, दिल्ली आली, संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र अशी खाती आली, मूलबाळ झालं नाही. परदेशातून यशवंतराव वेणूताईंना सविस्तर पत्रं लिहीत. कोण भेटलं, काय पाहिलं, मनात काय आलं, ते सगळं. 'विदेश दर्शन' या नावानं ती पुस्तकात आली आहेत. देशाचा मंत्री आपला दिवस बायकोला सांगतो, यात सप्तपदीचं सातवं पाऊल मला दिसतं. १ जून १९८३ रोजी वेणूताई गेल्या, आणि दीड वर्षात, २५ नोव्हेंबर १९८४ ला, यशवंतरावही. त्यांची समाधी प्रीतिसंगमावर आहे, आणि त्यांचा ग्रंथसंग्रह वेणूताईंच्या नावाच्या स्मारकात.

त्या दोघांच्या लग्नानंतर दीड महिन्यानं, जुलै १९४२ मध्ये, नागपूरच्या महिला परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मुलींना सांगितलं की लग्न झाल्यावर नवऱ्यासमोर ताठ उभं राहा, त्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून वागा, गुलाम होण्याचं नाकारा. ॲरिस्टॉटलनं मैत्री दिली पण बरोबरी दिली नाही; बाबासाहेबांनी दोन्ही एका वाक्यात मागितल्या. माझ्या मते या विषयावर याहून मोलाचा उपदेश गेल्या शतकात झाला नाही, आणि तो समुपदेशकाच्या खोलीत नव्हे, हजारो कष्टकरी बायांसमोर झाला.

तुळशीची लग्नं लागली की घरोघर मुहूर्त काढायला सुरुवात होईल. कराड-विटा रस्त्यावरची कार्यालयं आधीच आरक्षित झालेली असतील. मुलाच्या आई-वडिलांना एवढीच विनंती: सात पावलांचा अर्थ भटजींना माईकवरून मराठीत सांगायला लावा, आणि तोवर वाजंत्री व जेवणाची पंगत दोन्ही थांबवा. विधी सत्यशोधक असेल तर वराची शपथ त्याच्याच तोंडून, मोठ्यानं म्हणवून घ्या. आणि घरातला अधिकार देण्याचं कर्तव्य पाळायचं मनात असेल, तर सुनेचं नाव सातबाऱ्यावर नाही तरी निदान घराच्या कागदावर पहिल्या वर्षातच चढवा.