खुबा जपायचा, तर स्टेरॉइडचा हिशेब ठेवा

स्टेरॉइडची औषधे मोठ्या मात्रेत घ्यावी लागली, तर काही रुग्णांमध्ये हाडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाडाचा तेवढा भाग मरतो. अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस हे या आजाराचे नाव. रुग्ण आणि डॉक्टर त्याला ‘एव्हीएन’ म्हणतात. त्याचा सर्वाधिक फटका खुब्याला बसतो. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या उखळीत फिरतो. त्याला रक्त पोहोचवणाऱ्या वाहिन्या बारीक आणि मोजक्याच असतात.

स्टेरॉइडमुळे अस्थिमज्जेतल्या चरबीच्या पेशी फुगतात, हाडाच्या आतला दाब वाढतो आणि वाहिन्या दबतात. चरबीचे कण व रक्ताच्या गुठळ्या उरलेली वाट बुजवतात. मेलेले हाड लगेच ढासळत नाही. शरीर ते काढून नवे हाड घालू लागते तेव्हा कूर्चेखालचा भाग ठिसूळ होतो, अंगाच्या भाराने गोळा चपटा होतो आणि सांधा झिजू लागतो.

मुंबईत हा आजार 2021 मध्ये चर्चेत आला. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी कोविडनंतर एव्हीएन झालेल्या तीन रुग्णांची नोंद ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये प्रसिद्ध केली. या रुग्णांना सरासरी 758 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतके स्टेरॉइड मिळाले होते आणि दुखणे सरासरी 58 दिवसांत सुरू झाले होते. त्याआधी सुमारे 2000 मिलिग्रॅम मात्रा आणि सहा महिने ते वर्षभराचा काळ गृहीत धरला जाई. तीन रुग्णांवरून नियम ठरत नाही, शिवाय विषाणूचाही त्यात वाटा असू शकतो. प्राणवायू लागणाऱ्या कोविड रुग्णांचे प्राण डेक्सामेथासोनने वाचवले, हेही विसरता येत नाही.

मात्रेचा हिशेब अवघड नाही. 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे साधारण 4 मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, 6 मिलिग्रॅम डिफ्लाझाकॉर्ट किंवा 0.75 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन. म्हणजे रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दहा दिवस घेतले, की 400 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनची बेरीज होते. छोट्या दिसणाऱ्या गोळीचे वजन असे असते.

वसई-विरारमध्ये ही बेरीज सहज निसटू शकते. दम्यासाठी नालासोपाऱ्यातला दवाखाना, त्वचेसाठी विरारचा डॉक्टर आणि सांध्यांसाठी लोकलने गाठलेले मुंबईतले रुग्णालय, असे तीन ठिकाणचे कागद तीन पिशव्यांत राहतात. त्यात जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून पुन्हा आणलेल्या गोळ्या आणि नाव नसलेल्या पुडीतले औषध यांची भर पडते. सांधेदुखीवर ‘दोन दिवसांत गुण’ देणाऱ्या काही चूर्णांतही स्टेरॉइडची भेसळ सापडते.

एव्हीएन नक्की टाळणारी गोळी अजून सिद्ध झालेली नाही. कोलेस्टेरॉलवरची, रक्त पातळ करणारी आणि हाड टिकवणारी औषधे अभ्यासली गेली, पण पुरावा अपुरा आहे. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हाडांच्या ठिसूळपणावर उपयोगी पडतात. रक्तपुरवठा तुटणे त्यांनी थांबत नाही. म्हणून भर राहतो तो कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस यावर. ल्युपससारख्या दीर्घ आजारात स्टेरॉइड कमी करता यावे म्हणून डॉक्टर इतर औषधे जोडतात. दारू आणि तंबाखू सोडणे, चरबीचे प्रमाण आटोक्यात ठेवणे हे रुग्णाच्या हातात असते. पालघर जिल्ह्यातील आदिवासी समाजात सिकलसेलचे रुग्ण आहेत. सिकलसेलमुळे स्टेरॉइडशिवायही एव्हीएन होतो, त्यामुळे ही माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी.

भीतीपोटी गोळ्या एकदम बंद करणे मात्र धोक्याचे आहे. अनेक दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळाले की शरीराची स्वतःची निर्मिती मंदावते. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावी लागते. दम्याच्या पंपातली मात्रा फार कमी असते, तेव्हा पंप टाकून देण्याचे कारण नाही.

दुखणे बहुधा जांघेत सुरू होते आणि मांडीतून गुडघ्याकडे उतरते. मांडी घालून बसताना, उकिडवे बसताना, स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या चढताना कळ येते. लोकलमध्ये उभे राहून कंबर धरली, असे समजून महिने जातात. सुरुवातीला एक्स-रे साफ दिसू शकतो. आजार पकडते ती एमआरआय तपासणी. दुखणे एका बाजूचे असले तरी दोन्ही खुबे तपासतात.

गोळा ढासळण्याआधी निदान झाले, तर भार कमी करणे, औषधे आणि हाडाला छिद्र पाडून आतला दाब उतरवण्याची शस्त्रक्रिया यांनी सांधा वाचण्याची शक्यता असते. गोळा ढासळल्यावर बहुतेकदा सांधेबदल करावा लागतो, आणि तो तिशी-चाळिशीतल्या रुग्णाला पुढे पुन्हाही करावा लागू शकतो. म्हणून स्टेरॉइड घेतलेल्या प्रत्येकाने औषधाचे नाव, मात्रा आणि दिवस एका वहीत लिहावेत, आणि जांघ दुखू लागताच ती वही घेऊन अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे.